तिसऱ्या गाण्यातली आई

कुरियरच्या रांगेत एका काकूंच्या पुढे बहीण-भाऊ उभे होते. पायाशी खोकं, त्यात त्यांच्या पंक बँडच्या पहिल्या अल्बमच्या रेकॉर्ड्स.

“दादा, तिसऱ्या गाण्यात आई ओरडतेय. ‘मेल्यांनो, बंद करा तो भोंगा!’ स्वच्छ ऐकू येतंय.”

“मी ट्रॉम्बोन वाजवत होतो. मला कसं कळणार?”

“खिडकी लावून घ्यायला काय झालं होतं?”

“अगं, पंक आहे. चालतं.”

“तुला सगळंच चालतं! दोनशे छापून झाल्या!”

“सकाळी आईला ऐकवलं.”

“कपाळ माझं! काय म्हणाली?”

“दोनदा ऐकलं. मग चष्मा लावून कव्हर वाचत बसली. म्हणाली, सगळ्यांची नावं आहेत, माझं कुठाय?”

बहिणीने खोक्याची चिकटपट्टी टरकन ओढली आणि ती मागे वळली.

“काकू, पेन आहे का हो?”