पहारेकरी शुद्धीवर आला का

मास्तर: उठू नका, बाई. बसल्या जागी एवढं एक वाक्य वाचा. मोठ्यानं.

बाई: चष्मा लावू द्या. ‘अंधारातून एक लोखंडी कांब आली आणि पहारेकरी जागच्या जागी बेशुद्ध झाला.’ बरं मग? शुद्धलेखन ठीक आहे.

मास्तर: ते असणारच. वीस वर्षं या मासिकाची प्रुफं तुम्हीच तपासताय. आता हे वाचा. ही माझी वही, हे माझं अक्षर.

बाई: ‘अंधारातून एक लोखंडी कांब आली आणि पहारेकरी जागच्या जागी गतप्राण झाला.’

मास्तर: गतप्राण.

बाई: हं.

मास्तर: हं काय? माणूस मेलाय. मी स्वतः मारलाय. मग छापील अंकात तो जिवंत कसा?

बाई: खिळ्यांची जुळणी करताना कधीकधी...

मास्तर: त्या जुळणीवाल्याच्या गळ्यात घालू नका. एकदा झालं असतं तर मीही तेच म्हणालो असतो. आयुष्यात पहिल्यांदा माझं पुस्तक निघतंय, म्हणून गेले आठ दिवस जुने अंक आणि जुन्या वह्या शेजारीशेजारी ठेवून बसलोय. छापून आलेलं मी कधी वाचत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. लिहून झालं की माझ्या दृष्टीनं विषय संपला.

बाई: ठाऊक आहे.

मास्तर: ठाऊक होतं म्हणूनच धीर झाला तुम्हाला. एकवीस गोष्टी निवडल्यात पुस्तकासाठी. रहस्याच्या, भुताच्या, प्रेमाच्या, परग्रहावरच्या. एकवीसच्या एकवीस गोष्टींत मी पहारेकरी मारलाय. आणि तुम्ही तो उठवून बसवलाय.

बाई: सगळ्यांत नाही.

मास्तर: म्हणजे कबूल.

बाई: नाकबूल कशाला करू? वह्या तुमच्याकडे आहेत.

मास्तर: मग हेही बघून ठेवा. मालकांच्या नावे अर्ज. सही करून आणलाय. मुद्रितशोधकानं लेखकाच्या मजकुरात जाणूनबुजून फेरफार केले, योग्य ती कारवाई व्हावी.

बाई: ‘जाणूनबुजून’ बरोबर लिहिलंत. बरेच जण चुकतात.

मास्तर: थट्टा सुचतेय तुम्हाला?

बाई: नाही. आठ महिने राहिलेत माझे नोकरीचे. हा अर्ज वर गेला तर आज संध्याकाळीच पिशवी भरावी लागेल. थट्टा कुठून सुचणार? पण डोळ्यांना सवय लागलीय, त्याला काय करू?

फोरमन: येऊ का? मास्तर, पहिल्या सोळा पानांचा फर्मा छपाईला सोडताय ना? मशीन धुऊन पुसून नवरीसारखं बसवून ठेवलंय. जेवणाच्या सुट्टीआधी कागद चढला नाही तर उद्यावर जाईल, आणि उद्या दुसऱ्याचं काम आहे.

मास्तर: अर्धा तास थांबा. मजकुरात घोटाळा आहे.

फोरमन: बाईंनी बघितलेल्या मजकुरात? काय सांगता. बरं, मास्तर, तुम्ही आयते भेटलाच आहात तर विचारून घेतो. ती तिसऱ्या मजल्यावरच्या दिव्याची गोष्ट. तो पहारेकरी शुद्धीवर आला का शेवटी?

मास्तर: कोण?

फोरमन: कांब खाल्लेला हो. नाही, तुमचा इन्स्पेक्टर चाळीस पानं ते तुटकं बटण घेऊन गावभर फिरतो. आमची खाली पैज लागली होती. मी म्हटलं, अरे बाबा, आधी दवाखान्यात जा, त्या वॉचमनला विचार की तुला कोणी हाणलं. अंधार असला तरी त्यानं बघितलं असेल ना मारणाऱ्याला.

मास्तर: तुम्ही जा खाली.

फोरमन: जातो. राग आला काय? गोष्ट झकास होती, तेवढंच आपलं मनात राहिलं.

बाई: अर्ध्या तासात सांगते तुम्हाला, फोरमन.

मास्तर: ऐकलंत? हे असं. इतकी वर्षं मला पत्रं येतायत. एक रिटायर्ड स्टेशनमास्तर आहेत, दरवर्षी एक कार्ड टाकतात. ‘पहारेकरी शुद्धीवर आला का? आला असल्यास त्याचा जबाब घेतला का? न घेतल्यास का?’ मी समजत होतो म्हातारा भ्रमिष्ट आहे. मेलेल्या माणसाचा जबाब कसला मागतो. त्यांना उलट टपाली कडक उत्तर पाठवलंय मी, ‘कृपया लक्षपूर्वक वाचावे’ म्हणून.

बाई: त्यांनी लक्षपूर्वकच वाचलं होतं.

मास्तर: तेच म्हणतोय मी. ही प्रेमकथा घ्या. कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी नायकाची चिठ्ठी घेऊन नायिकेकडे निघतो, वाटेत ट्रकखाली जातो. चिठ्ठी पोचत नाही, म्हणून ती स्टेशनवर येत नाही, म्हणून ते दोघे जन्मभर वेगळे. सगळी गोष्ट त्या ट्रकवर उभी आहे. तुम्ही काय केलंत?

बाई: पायाला लागलं म्हटलं.

मास्तर: ‘पायाला किरकोळ लागले.’ किरकोळ. म्हणजे चिठ्ठी पोचली. म्हणजे चिठ्ठी हातात पडूनही ती बया घरी बसून राहिली. किती शिव्या खाल्ल्या माझ्या नायिकेनं. एकीनं लिहिलं, असली दगडाच्या काळजाची पोरगी आमच्या घरात आली असती तर आम्ही दाराबाहेर काढली असती. मला कळेना, त्या गरीब मुलीचा अपराध काय.

बाई: तिच्याबद्दल मला वाईट वाटलं. पण एका वेळी एकालाच वाचवता येत होतं. मोजून तेवढ्याच अक्षरांत बसवायचं असतं. ओळ वाढली की पुढचं पान सरकतं.

मास्तर: भुताची घ्या. ‘सकाळी फाटकाशी त्याचे कलेवर सापडले. डोळे सताड उघडे.’ यावर तुमची कारागिरी, ‘सकाळी फाटकाशी तो सापडला. डोळे सताड उघडे. त्याने चहा मागितला.’

बाई: रात्रपाळी करून आलेला माणूस चहाच मागतो.

मास्तर: भूतकथेत? तिसऱ्या पानावर? वाचकाचा थरकाप व्हायचा तिथे त्याला चहाची तलफ आली असेल. आणि ही परग्रहावरची. प्रयोगशाळेच्या दारात हिरवा किरण पडतो, पहारेकऱ्याची जागच्या जागी राख. तुमच्या छापील अंकात, ‘त्या दिवशी पहारेकऱ्याची साप्ताहिक सुट्टी होती.’

बाई: हो.

मास्तर: आणि खाली राख तशीच आहे. ती तुम्ही काढली नाहीत. मग राख कोणाची, बाई?

बाई: स्टुलाची.

मास्तर: स्टुलाची.

बाई: पुढची ओळ वाचा. ‘दारात राख होती, स्टूल नव्हते.’ ते बसवायला मला दुपार गेली होती.

मास्तर: बरं बसलंय, हे दुर्दैवानं कबूल करावं लागेल. पण का? माझं काय वाकडं केलं होतं मी तुमचं? एवढंच सांगा, मग अर्ज देतो.

बाई: आधी तुम्ही सांगा. दरवेळी वॉचमनच का?

मास्तर: पहारेकरी.

बाई: पहारेकरी तुमच्या गोष्टीत असतो. फाटकावर वॉचमन असतो.

मास्तर: त्यात काही मनात धरून नाही हो. ही एक पद्धत असते. पहिल्या दोन पानांत एक माणूस पडला की वाचक बूड टेकून बसतो. आता पाडायचा कोण? नायक पाडता येत नाही. शेठजी पाडला तर त्याचे वारस, इस्टेट, नाना भानगडी लिहाव्या लागतात. पहारेकऱ्याचं बरं असतं. त्याच्याबद्दल काही सांगावं लागत नाही. रात्री तिथं असतो, एकटा असतो. मेला, की पुढं चाला.

बाई: आमचे हे वॉचमन होते.

मास्तर: कोण, तुमचे यजमान?

बाई: गोदामाच्या फाटकावर. इथून खराब निघालेले अंक मी घरी न्यायचे, डाग पडलेले, उलटी घडी झालेले. ड्यूटीवर वाचायला. त्यांना फार आवडायचे तुम्ही. सकाळी घरी आले की डबा ठेवता ठेवता म्हणायचे, या महिन्यात मी तिसऱ्या पानापर्यंत टिकलो. किंवा म्हणायचे, या वेळी मास्तरांनी पहिल्याच ओळीत उडवला मला, बायकोचा निरोपही घेऊ दिला नाही. आम्ही हसायचो.

मास्तर: मग हसत होता तर...

बाई: मुलगी वाचायला शिकली.

मास्तर: हं.

बाई: एक दिवस ह्यांची टोपी सापडेना. टोपीशिवाय फाटकावर उभं राहू देत नाहीत, पगार कापतात. सगळं घर उलटंपालटं केलं. निघाली पिठाच्या डब्यात, तळाशी. मुलगी म्हणाली, टोपी नसली की बाबांना जाता येणार नाही. तुमचा अंक तिच्या उशीखाली होता. त्यातलं पान दुमडलेलं होतं.

मास्तर: लहान मुलांच्या हाती देण्यासारखं मासिक नाही ते.

बाई: नाहीच. पण दोन खोल्यांच्या घरात कुठं लपवणार? पुढच्या महिन्याचं प्रूफ समोर आलं तेव्हा मी एक शब्द बदलला. फक्त एक. कोणी काही बोललं नाही. संपादक चित्रं बघतात आणि शेवटचं पान बघतात. तुम्ही वाचत नाही. घरी अंक नेला, मुलीला बोट ठेवून दाखवलं. बेशुद्ध म्हणजे काय ते समजावलं. दुसऱ्या दिवशी टोपी खुंटीवर होती.

मास्तर: आणि मग सवयच लागली.

बाई: मग थांबवता येईना. एखाद्या महिन्यात सोडला असता, तर ती काय समजली असती?

मास्तर: पण बाई, एका गोष्टीत तुम्ही नाही सोडवलात. ही बघा, बंद गोदामाची. दुसऱ्या पानावर, ‘पहारेकरी मेला होता.’ माझ्या वहीत आहे तसंच छापलंय, काना-मात्रेचाही फरक नाही. एकवीसमध्ये एवढी एकच. ती कशी सुटली?

बाई: त्या महिन्यात मी रजेवर होते.

मास्तर: आजारी होतात?

बाई: हे गेले.

मास्तर: मला कोणी सांगितलं नाही.

बाई: तुम्ही आला होतात त्या महिन्यात. वही नेहमीसारखी माझ्या टेबलावर ठेवून गेलात. टेबलाशी मी नव्हते इतकंच.

मास्तर: कसे गेले? म्हणजे, कोणी काही...

बाई: नाही नाही. कांब नाही, किरण नाही. सकाळची पाळी होती, लख्ख ऊन. स्टुलावर बसल्याबसल्या गेले, भिंतीला टेकून. दीड तास तसेच होते. कामावर येणारी माणसं पास दाखवून आत जात राहिली.

मास्तर: त्यांना पास दाखवून?

बाई: हो. पास दाखवताना कोणी तोंडाकडे बघत नाही. शेवटी एकाला सही हवी होती, म्हणून कळलं.

मास्तर: दीड तास.

बाई: खुर्ची मागितली होती त्यांनी. पाठीचा त्रास होता. वॉचमनला खुर्ची देत नाहीत, खुर्ची दिली की झोपतात म्हणे. तीनदा अर्ज दिला होता. तिन्ही मीच तपासून दिले. एक चूक नव्हती त्यांत.

मास्तर: एक विचारू? त्या बंद गोदामाच्या गोष्टीनंतर... थांबा, माझ्याकडे पत्रांची नोंद आहे. प्रत्येक गोष्टीवर किती आली ते मी लिहून ठेवतो. हे बघा. दिव्याची गोष्ट, चौदा पत्रं. प्रेमकथा, सव्वीस, त्यातल्या बाविसांत शिव्या. भुताची, नऊ, ‘चहा मिळाला का’ असंही एकानं विचारलंय. बंद गोदाम...

बाई: किती?

मास्तर: एकही नाही. स्टेशनमास्तरांचंसुद्धा नाही.

बाई: कोण विचारणार? मेलाच होता ना.

(खाली मशीन एकदा घरघरून बंद पडतं.)

फोरमन: अर्धा तास झाला, मास्तर. काय ते एकदा सांगा. जुनं छापायचं का नवं?

मास्तर: जुनं म्हणजे काय?

फोरमन: मला काय ठाऊक? जे काय भांडताय ते.

बाई: छापा, फोरमन. मास्तरांच्या वहीप्रमाणे दुरुस्त करून देते मी. पुस्तक त्यांचं आहे. मुलगी मोठी झाली आता, नोकरी करते. तिला बेशुद्धचा अर्थ विचारावा लागत नाही.

मास्तर: थांबा. फोरमन, पहिला फर्मा उद्या.

फोरमन: उद्या दुसऱ्याचं काम आहे, सांगितलं ना.

मास्तर: मग परवा. तीस वर्षं थांबलोय पहिल्या पुस्तकासाठी, अजून दोन दिवसांनी काही बिघडत नाही.

फोरमन: तुम्ही मालक लोक. धुतलेलं मशीन वाया. आणि त्या वॉचमनचं काय झालं, ते राहिलंच.

मास्तर: परवा पुस्तकात वाचा.

फोरमन: पैज लावू का पुन्हा?

मास्तर: लावा. बाई, कोरा कागद द्या.

बाई: कोरा नाही आज. सगळे प्रुफाचे आहेत, दोन्ही बाजूंनी छापलेले.

मास्तर: हा चालेल. अर्जाची मागची बाजू कोरी आहे.

बाई: मालकांना द्यायचाय ना तो?

मास्तर: आता मागे मजकूर येणार, कसा देणार? ही दिव्याची गोष्ट. इन्स्पेक्टरच्या हाती बटण लागतं, तिथून पुढची चाळीस पानं काढावी लागतील. चाळीस पानं, बाई. काय सुंदर लिहिली होती मी. पावलांचे ठसे, भाड्याची मोटार, खोट्या मिशा.

बाई: मिशा ठेवा.

मास्तर: मिशा ठेवतो. पण एक कबूल करा. इथून पुढं काही खटकलं तर समासात पेन्सिलीनं खूण करायची, मला विचारायचं. परस्पर कोणाला जिवंत करायचं नाही.

बाई: तुम्ही इथं बसलात तर विचारीन. वही ठेवून निघून गेलात तर कोणाला विचारू?

मास्तर: बसेन. आता सांगा, इन्स्पेक्टर पोचला त्याच्याकडे. तो काय सांगेल?

बाई: आधी लगेच सांगणार नाही. आधी म्हणेल, साहेब, एवढ्या दिवसांत कोणी विचारायला आलं नाही, म्हणून मला वाटलं सापडला असेल.

मास्तर: हे चांगलंय. हे फार चांगलंय. लिहितो. ‘इन्स्पेक्टर फाटकाशी आला. डोक्याला पट्टी बांधलेला पहारेकरी...’

बाई: वॉचमन.

मास्तर: ‘...वॉचमन आपल्या स्टुलावर बसला होता.’

बाई: खुर्चीवर.

मास्तर: खुर्चीवर. दोन हातांची खुर्ची लिहू?

बाई: हातांची नको. पाठ टेकली म्हणजे पुरे.