मेले नाहीत, झोपलेत

नाही, मंडळी, मला सांगा, लसूण सोलला, उकळला, धुतलेल्या बरणीत घातला, वर बोटभर तेल ओतलं, झाकण घट्ट आवळलं, बरणी पंधरा दिवस ओट्यावर ठेवली, यात माझं काय चुकलं हो? पण आमची धाकटी मेहुणी जंतूंच्या प्रयोगशाळेत नोकरीला. काल संध्याकाळी आली, बरणीकडे बघितलं आणि म्हणते कशी, "भाऊजी, मेले नाहीत, झोपलेत." कोण झोपलेत? घरात मी आणि बायको, दोघंही उभे!

तुम्हाला सांगतो, हिचं कामच जंतूंची घराणी लावायचं. हवेवाचून जगणारे आणि संकट आलं की टणक बीज होऊन पडून राहणारे, अशा सगळ्यांना म्हणे पूर्वी सरसकट एकच आडनाव द्यायचे, क्लॉस्ट्रिडियम. जमलं बघा, एका दमात! मग नीट तपासलं तर अर्ध्यांचं एकमेकांशी नातंच नाही, म्हणून आता आडनावं बदलताहेत. आणि गोतावळा तरी केवढा... एक जखमेत शिरून जबडा आवळतो, एक आतडी सडवतो, एक बिचारा मातीत पाला कुजवत बसतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि एक... इथं तिनं बरणीवर बोट ठेवलं. "एक तेलाखाली जागा होतो."

अगं पण मी उकळलं होतं! "जंतू गेले, भाऊजी. बीजं मेली नाहीत, झोपलीत. वर तेल ओतून तुम्ही त्यांना पांघरूण घातलंत." मग हळूच विचारते, "खाल्लं नाही ना कुणी?"

आता लग्नापासून जी बाई मला अडाणी समजते, तिला सांगू की दुपारीच पावाला लावून अर्धी बरणी संपवली? बायकोला वास सोसत नाही, ती वाचली. झाकण उघडताना फुस्स झालं होतं, मला वाटलं, वा, काय ताजं आहे! म्हटलं, "छे, कुणी नाही." तर म्हणते, "बरं झालं. आधी तोंड कोरडं पडतं, मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, आणि मग श्वास..."

पाणी देता का जरा? कितीही प्यालो तरी घसा कोरडाच. दिवे मंद केलेत का कुणी? नाही? मग माझ्याच पापण्या... जाऊ दे. तर ते आडनाव, क्लॉ... क्लॉस्... मघाशी जमलं होतं हो. पहिल्या रांगेतल्या काकू, तुम्ही जुळ्या बहिणी ना? चष्मासुद्धा सारखाच...

एकट्याच आलात?

मेले नाहीत म्हणाली होती. लावा, मेहुणीला फोन लावा कुणीतरी. एक झेपत नाही मला, आता दोन येणार.