मूठ हातात आली तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय त्या विमा कक्षाच्या मॅडम, त्यांचे सहकारी, आणि समोर बसलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांनो! तुमच्यापैकी निम्मे तरी त्या कक्षात आवाज चढवून आलेले आहात, म्हणून तुम्हाला माझा खास नमस्कार.

ज्या क्षणी विमा कक्षाच्या दाराची मूठ माझ्या हातात आली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. अलंकारिक बोलत नाहीये. मूठ खरोखर हातात आली होती. पितळेची, स्क्रूंसकट.

आधी ओळख सांगतो. मी कुरिअरची पाकिटं वाटतो. कॉलेज मी अर्ध्यात सोडलं की कॉलेजनं मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. डोकं तापट. त्यात प्रेमात पडलेलो. म्हणजे अजूनही आहे, ती तिसऱ्या रांगेत बसलीय. कृपा करून सगळ्यांनी एकदम वळून बघू नका.

माझे बाबा शिंपी. त्यांच्या पित्ताशयात खडे झाले. विम्याचा हप्ता त्यांनी कधी चुकवलेला नाही, त्यामुळे आम्ही निर्धास्त. ॲडमिट केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची मंजुरी आली. खर्चाच्या अंदाजाच्या जेमतेम निम्मी! बाबांनी कागद पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "चल रे घरी. टाकेच घालायचेत ना, माझे मी घालीन."

तुम्ही हसताय, पण ते खरंच खाटेखाली चपला शोधत होते. ऑपरेशन लगेच पुढच्या दिवशी होतं. आणखी पुढं ढकललं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई चपलांवर पाय देऊन उभी राहिली, आणि मी निघालो भांडायला.

मॅडमच्या खोलीत मी काय काय बोललो ते अध्यक्षांसमोर सांगण्यासारखं नाही. 'लुटारू' हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं? की पाणी पिऊन दुसरा अंक करतोस?"

"तुमच्याशी बोलण्यात अर्थच नाही!" म्हणून मी दार ओढलं. मूठ हातात, दार जागच्या जागी.

मॅडमनी सुताराला फोन लावला. "जेवायला बसलाय. सावकाश जेवतो तो. बस आता राजा. मला कोंडलंयसच, तर निदान फाईल तरी दे इकडे."

कोंडलेला माणूस काय करणार? बसलो. मूठ मांडीवर.

"स्वतंत्र खोली कुणी मागितली?"

"बाबांनी. का, माणसानं एकटं झोपू नये?"

"झोपावं की. पण तुमच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे, आणि ही खोली तिच्या बरोब्बर दुप्पट."

"मग खोलीचं वरचं भाडं आम्ही भरतो. डॉक्टरांच्या फीला कात्री कशाला?"

मित्रहो, तुम्हालाही हेच वाटतं ना? सगळ्यांना वाटतं. मॅडम म्हणाल्या, "शिंप्याचा मुलगा ना तू? शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलं, तर खालची कुठं जातात?"

"सगळीच चुकतात."

"खोली हे वरचं बटण. सर्जनची फी, भूल देणाऱ्यांची फी, थिएटरचं भाडं, नर्सिंग, हे सगळं आपल्याकडे खोलीच्या दर्जावर ठरतं. खोली दुप्पट घेतली, म्हणून कंपनी यातलं निम्मंच देणार. तुझ्या पॉलिसीत हे छापलंय. औषधांना ही कात्री नाही. हातमोजे, टोप्या असल्या किरकोळ वस्तू मात्र ते देत नाहीत, तेवढं खिशातून धर."

"आता काय करायचं?"

"बटण काढायचं आणि नीट लावायचं. आजच तीन खाटांच्या खोलीत हलवा, मी नवा अंदाज पाठवते. आणि पहिली मंजुरी ही शेवटची नसते रे. पक्कं बिल गेलं की पुन्हा येते."

इतकं सोपं होतं. पण मी मुठीकडे बघत बसलो. म्हटलं, "मॅडम, खोली नाही बदलता येणार. तिचे वडील येणारेत बाबांना बघायला."

कारण तेच होतं. तिच्या वडिलांनी मला लग्नासाठी आधी साफ 'नाही' सांगितलं होतं. पाहुणे आले की पोराची बाजू लंगडी पडायला नको, म्हणून बाबांनी ती खोली मागितली होती. माझ्यासाठी.

मॅडमनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे सासरा बघायला येणार, म्हणून पित्ताशय डिलक्समधून काढायचं?"

तेवढ्यात सुतार आला.

बाबांना मी बटणाची गोष्ट सांगितली. "एवढंच होय!" म्हणाले आणि स्वतः पिशवी भरायला लागले. संध्याकाळी नवी मंजुरी आली. ऑपरेशन निर्विघ्न पार पडलं. त्या दिवशी आईनं चहा पहिल्यांदा गरम असताना प्यायला.

मग तिचे वडील आले. त्यांचं दुकान आहे, खिळे, कड्या, कुलुपांचं. स्टुलावर बसले, आजूबाजूच्या खाटा पाहिल्या आणि म्हणाले, "स्वतंत्र खोली नाही मिळाली वाटतं?"

माझं डोकं तापणार, एवढ्यात मी दोनदा श्वास घेतला आणि त्यांना सगळं सांगितलं. बटण, दुप्पट, निम्मं, मूठ. त्यांनी विचारलं काय? "मूठ कुठल्या दाराची?" खाली जाऊन बघून आले. म्हणाले, "स्क्रू आखूड होते. पोराचा दोष निम्माच." पुढच्या भेटीला येताना नवी मूठ घेऊन आले, आणि बगलेत स्वतःची पॉलिसी. "इतकी वर्षं हप्ता भरतोय, आत काय लिहिलंय देव जाणे. बघ जरा."

घरी जाताना शेवटची मंजुरी आली. पहिल्या रात्रीच्या खोलीचा फरक आणि हातमोजे-टोप्या, एवढंच आमच्या अंगावर आलं. बाबा आल्या चपलांनी घरी गेले. बिल वाचून, समजून.

आणि माझं? तिचे वडील पूर्वी 'नाही' म्हणायचे, हल्ली 'बघू' म्हणतात. पहिली मंजुरी शेवटची नसते, मॅडम. मी वाट बघतोय.

ती जुनी मूठ सुतारानं मला दिली होती. आज तुम्हाला देतो. घरी कुणी तणतणत आलं, तर समोर ठेवा.

आयोजकांनी मला माईक देण्याचं धाडस केलं, त्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर तापट पोर म्हणून पोटात घाला. बाहेर गाडीवर पाकिटं थांबलीत, म्हणून मी जरा लवकर निघतो. तुम्ही बसून राहा, दार मी लावून घेतो.

आवाज आला नाही, तर समजा मूठ दारालाच आहे आणि मी गेलो.