सहा घरांचा लोड, सहा मोटारी

जबाब देणार : देवकाबाई सुधाकरराव शेंडे, वय ५४ वर्षे, धंदा भाजीविक्री, राहणार मावला, उत्तमराव यांची इमारत, तळमजला, जिल्हा आदिलाबाद.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून सांगते की, मला तेलुगू समजते, पण सगळे नीट सांगता येत नाही, म्हणून माझे म्हणणे मराठीत लिहून घेतले आहे. माझे पती वारले आहेत. मी, मुलगा करण आणि सून रंजीता असे तिघे वरील पत्त्यावर राहतो. रंजीता घरी ब्लाउज शिवते. इमारतीत सहा भाडेकरू असून सगळ्यांचे मीटर जिन्याखाली आहेत.

करणने काल वायरमन सुरेंद्र याच्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, त्याने इमारतीचा विजेचा लोड चुकीचा काढला, त्यामुळे मीटरचा बोर्ड पेटला आणि रंजीताचे दोन्ही हात भाजले. त्या तक्रारीची साक्षीदार म्हणून मला बोलावले.

दिवाळीनंतर घरमालक उत्तमराव यांनी इमारतीची मेन केबल बदलायला सुरेंद्रला आणले. कुणाकडे काय चालते ते तो घरोघर विचारत होता. आमच्याकडे त्याने पंखे, फ्रिज, टीव्ही, कूलर, शिलाई मशीन लिहिले. मग विचारले, "मावशी, नळाले मोटार हाये का?" मी म्हणाले, "नाई बा, आमी हातानंच भरतो पानी." नळाला मोटार लावायला मनाई आहे. हा पाण्याच्या ऑफिसात जाऊन सांगेल अशी भीती होती, म्हणून नाही म्हणायचे असे आम्हा बायकांचे आधीच ठरले होते. आमची मोटार भाजीच्या उलट्या क्रेटखाली होती. सुरेंद्र त्याच क्रेटवर बसून चहा प्यायला. तेव्हा मला हसू आवरत नव्हते.

सहाही घरांत त्याला हेच उत्तर मिळाले. बेरीज करून तो उत्तमरावांना म्हणाला, "साऱ्याइचं सारं एकाच वक्ती चालत नाई. कोनाचा कूलर चालू, त कोनाचा बंद. पुऱ्या बेरजेची केबल लागत नाई." मोटारी सोडल्या तर त्याचे बरोबरच होते. पण आमच्याकडे नळ तीन दिवसांआड येतो आणि थोडाच वेळ राहतो. आला की सहाही मोटारी एकदम सुरू होतात, कारण जो मागे राहिला त्याचे ड्रम कोरडे.

परवा सकाळी नळ आला. थोड्या वेळाने जिन्यातून रबर जळल्याचा वास आला. मी आमच्या मोटारीची पिन ओढली. रंजीता मेन स्विच बंद करायला धावली. तिने हात घातला आणि भडका उठला. ती तशीच हात पुढे धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी पाण्याची बादली उचलली, ती विजेच्या आगीवर पाणी नको म्हणून वरच्या मजल्यावरच्या मयूरीने हिसकून घेतली. रंजीता दवाखान्यात आहे. बोटे राहतील की नाही, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत.

संध्याकाळपर्यंत इमारतीत एकही मोटार दिसत नव्हती. सगळ्यांनी मला सांगितले, वायरमनचेच नाव घे. करण म्हणाला, "आई, तू मोटारीचं काई काढू नको. तू काऊन मधात बोलून राह्यली?"

फ्यूज का उडाला नाही, असे साहेबांनी विचारले, त्यावर सांगते. तो पूर्वी उडायचा. नळ आला की दर वेळी उडायचा आणि जिन्यात भांडणे व्हायची. होळीच्या सुमारास त्यात तांब्याची जाड तार बांधली. मग तो एकदाही उडाला नाही आणि आम्ही सगळे खूश होतो. ती तार सुरेंद्रने बांधली नाही. केबल टाकून गेल्यावर तो परत आलाच नाही. तार माझ्या मुलाने, करणने बांधली. बांध म्हणून त्याच्या मागे लागणाऱ्यांत मीही होते.

वरील मजकूर मला मराठीतून मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. वाचताना दार उघडे होते आणि करण बाहेर बाकावर बसला होता. त्याने सगळे ऐकले आहे. मला यातले काहीही बदलायचे नाही.

देवकाबाई शेंडे, डाव्या हाताचा अंगठा.