दोघांची डाळ

प्लास्टिक सोडायला गेलो आणि महिनाभर खोटं बोलत बसलो, ते सांगतो तुम्हाला. आमची सुमन मालवणची. बाहेरचं जेवण मी पिशवीतून आणलं की म्हणायची, "अहो, हे सगळं शेवटी समुद्रातच जातं." मी म्हणायचो, "दिल्लीत कुठला आलाय समुद्र?"

ती गेली आणि मग मात्र माझ्याच्यानं ती पिशवी हातात धरवेना. स्टीलचा डबा घेऊन सरोजिनी नगरातल्या एका ढाब्यावर गेलो. मालकानं विचारलं, "कितने लोगों का?" सवयीनं तोंडातून निघून गेलं, "दो."

मग रोजच दोघांची डाळ घरी यायची. उरलेली मी सकाळी खायचो. महिन्याभरानं मालक म्हणाला, "भाभीजी को भी लाइए कभी." शेवटी सांगून टाकलं, "वो नहीं रहीं."

त्यानं डबा बाजूला ठेवला. "तो घर क्यों ले जाते हैं? यहीं बैठिए," म्हणाला आणि स्वतः वाढायला आला. कितीतरी दिवसांनी जेवताना मला कुणीतरी विचारलं, "एक रोटी और?"

पोट भरलं होतं, तरी मी हो म्हणालो.