शेऱ्याचा रकाना

(वनस्पती उद्यानाच्या कचेरीतली तळमजल्याची खोली. दोन टेबलं. एकावर संगणक, दुसरं रिकामं. सकाळ.)

ताई: बाकीची सगळी खाती बंद करा, मी कुठं नको म्हणतेय? ते एक तेवढं राहू द्या.

वेबसाइटवाला: मॅडम, साहेबांच्या यादीत तेच सगळ्यात वर आहे. 'मास्तर'. निवृत्त होऊन वर्षं लोटली म्हणतात.

ताई: यादी करणाऱ्याचं काय जातंय? वरून नावं खाली उतरवायची, झालं.

वेबसाइटवाला: नियम साधा आहे. जुनी साइट आपण नव्यावर हलवतोय. जो माणूस नोकरीत नाही, त्याला आत यायचं दार ठेवायचं नाही. दुपारी साहेब नव्या साइटचं उद्घाटन करणार. त्याआधी हे खातं बंद झालेलं हवं.

ताई: दार म्हणता, ते दार बसवलं कोणी? त्यांनीच. तेव्हाचे साहेब विकतची साइट घ्यायला निघाले होते. मास्तर अडून बसले, ओपन सोर्सच घ्यायचं. साहेब म्हणाले, फुकटचं काय कामाचं? तर म्हणाले, फुकट आहे म्हणून नाही मागत मी. बिघडलं तर आपल्याला आत हात घालता आला पाहिजे. नाहीतर दर वेळी विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं.

वेबसाइटवाला: बरोबर होतं त्यांचं. म्हणून तर मला आज सगळं उचलून नेता येतंय. आणि तो मंजुरीचा टप्पाही त्यांनीच घातला ना? एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचून मंजूर करायचं?

ताई: हो. स्वतः लिहिलेलं स्वतः मंजूर करताच येत नाही. खाली शेऱ्याचा रकाना. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, म्हणायचे. साऱ्या कचेरीची भाषा सुधारायचे, म्हणून तर मास्तर नाव पडलं. ते लिहायचे, मी वाचायची. हे रिकामं टेबल आहे ना, ते त्यांचं.

वेबसाइटवाला: मग मला एक कोडं सोडवून द्या. मास्तर गेले घरी. आणि 'या आठवड्यात काय फुललंय' हे पान दर सोमवारी त्यांच्याच खात्यावरून लिहिलं जातंय, तुमच्या खात्यावरून मंजूर होतंय. साइट हलवायला मी पानं थांबवली तोवर एक सोमवार चुकलेला नाही.

ताई: कामाला वाघ माणूस.

वेबसाइटवाला: मॅडम.

ताई: ...बरं. मीच लिहिते. त्यांचा पासवर्ड मला ठाऊक होता, चष्मा विसरले की मीच टाकून द्यायची. ते गेल्यावर त्यांच्या जागी कोणाला नेमलं नाही. आज नेमू, उद्या नेमू. पान तर दर सोमवारी निघालं पाहिजे, आणि एकटीच्या हातून ते निघतच नाही. मग सकाळी मास्तर व्हायचं आणि दुपारी परत मी व्हायचं. करणार काय?

वेबसाइटवाला: साहेबांना सांगायचं की, खाली माणूस नाही.

ताई: सांगितलं. म्हणाले, पान तर वेळेवर निघतंय, मग अडचण काय?

वेबसाइटवाला: घ्या! हुशारी आपल्याच अंगावर आली.

ताई: हसा. तुम्हाला काय, वरच्या मजल्यावर दहा माणसं दिसतात.

वेबसाइटवाला: मला कसली माणसं? मी घरून काम करतो. जेवतोसुद्धा स्क्रीनसमोर. कुरिअरवाला आला तर त्याला उगाच दोन मिनिटं थांबवून घेतो.

ताई: हो का? मग तुम्हाला कळेल. नका बंद करू ते खातं. नव्या साइटवर टप्पाबिप्पा नाही म्हणतात, एक बटण दाबलं की पान बाहेर. चांगलंच आहे. पण मला सवय झालीय. मंजूर करताना त्या रकान्यात मी दोन ओळी लिहिते. कामाच्याच.

वेबसाइटवाला: सगळ्याच कामाच्या नाहीत.

ताई: तुम्ही वाचलंत?

वेबसाइटवाला: मुद्दाम नाही वाचलं. शेरेसुद्धा नव्या साइटवर न्यायचे होते, नीट आलेत का बघताना नजर पडली.

ताई: अरे देवा.

वेबसाइटवाला: बाहेर कोणाला दिसत नाहीत ते. फक्त ज्याचं खातं आहे त्याला.

ताई: कोणता वाचलात?

वेबसाइटवाला: एकात होतं, 'मास्तर, काचघराची काच फुटली. कोणाला सांगायचं कळेना, म्हणून तुम्हाला.' आणि एकात, 'आज दिवसभरात फोन एकदाच वाजला. तोही चुकीचा नंबर.'

ताई: पुरे, पुरे. भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं, एवढंच. घरी कोणी नाही, इथं कोणी नाही. माळी येतो, काय फुललंय ते सांगतो आणि जातो. त्याला तरी किती धरून ठेवणार? साहेबांना नका सांगू हे. निवृत्तीला थोडेच दिवस उरलेत माझे. वेड लागलं म्हणतील.

वेबसाइटवाला: मला वेड वाटलं नाही. उलट मी म्हटलं, चला, दोघांचं छान जमतंय. फक्त हे कळेना की मास्तर जर नोकरीत नाहीत, तर उत्तरं कोण लिहितंय. आता कळलं. तीही तुम्हीच.

ताई: कसली उत्तरं?

वेबसाइटवाला: तुमच्या शेऱ्यांना. मास्तरांच्या खात्यावरून.

ताई: मी मजकूर लिहिते त्या खात्यावरून. उत्तरंबित्तरं नाही हं लिहिलेली. एवढी गेलेली केस नाही माझी.

वेबसाइटवाला: मॅडम, इकडे या. खुर्ची ओढा. हे पान मंजूर झालं. त्यानंतर शेरे इथं दिसत नाहीत, ते या 'इतिहास' बटणाखाली जातात. हे कधी दाबलंत?

ताई: कशाला दाबू? निघालेलं पान परत उघडून कोण बघतं? मंगळवारपासून पुढच्या सोमवारची धावपळ.

वेबसाइटवाला: नवा शेरा आला की मेल यायला हवी होती. पण ती कचेरीच्या जुन्या पत्त्यावर जातेय, तो पत्ता केव्हाच बंद पडलाय. थांबा, दाबतो. हा तुमचा काचेचा शेरा. आणि त्याखाली, दोन दिवसांनी, हे.

ताई: चष्मा... वाचा तुम्हीच.

वेबसाइटवाला: 'काच कोणत्या बाजूची? पश्चिमेची असेल तर कमळांना वारा झोंबेल, आधी कापड बांधा. हाताला लागलं नाही ना?'

ताई: कापड मी त्याच दिवशी बांधून घेतलं होतं. पण हे कोणी लिहिलं?

वेबसाइटवाला: मला वाटलं कोणी घुसखोर आहे की काय. म्हणून तपासलं. तुम्ही लिहिता ते या संगणकावरून. ही उत्तरं दुसऱ्याच संगणकावरून येतात, दुसऱ्या गावाहून. हे बघा गावाचं नाव.

ताई: ते... ते त्यांच्या मुलीचं गाव. तिथंच गेलेत राहायला.

वेबसाइटवाला: त्यांचं खातं कोणी बंदच केलं नव्हतं. पासवर्डही तोच. ते येतात, तुमचं पान वाचतात, शेरा वाचतात, खाली उत्तर लिहितात.

ताई: म्हणजे त्यांना ठाऊक आहे? त्यांच्या नावानं मी...

वेबसाइटवाला: पहिल्या महिन्यापासून. हे ऐका. 'माझ्या नावानं लिहिताय, हरकत नाही, दुसरा इलाज नसेल. फक्त मी आयुष्यात कधी "अतिशय" हा शब्द वापरलेला नाही, तो काढा.'

ताई: मेलं ते 'अतिशय'! कायम कापायचे. अजून आहे का काही?

वेबसाइटवाला: पुष्कळ आहे. 'इथं खिडकीतून शेजारची भिंत दिसते. काय फुललंय ते तुमच्याकडूनच कळतं.' मग हे, फोन एकदाच वाजला म्हणालात त्याखाली, 'मी केला असता. पण कान गेले. फोनवर आता नुसती खरखर ऐकू येते, मुलीचंही कळत नाही. लिहिलेलं तेवढं कळतं.'

ताई: कान गेले? मला कोणी बोललं नाही. मी तरी कुठं फोन केला म्हणा. आधी वाटलं, नव्या घरी रुळू देत. मग वाटलं, आता इतक्या दिवसांनी काय तोंडानं करायचा? पुढं वाचा.

वेबसाइटवाला: 'तुम्ही उत्तर देत नाही. असू दे. शेऱ्याला उत्तर द्यायची आपल्याकडे पद्धत नव्हतीच.'

ताई: थांबा जरा. पाणी पिते.

वेबसाइटवाला: ताई, शेवटचा एक राहिलाय. तो आत्ताचा आहे. साइट हलवायची म्हणून मी मध्यंतरी नवीन पानं बंद ठेवली होती ना? ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. ते रोज येऊन जात होते.

ताई: काय लिहिलंय?

वेबसाइटवाला: 'याही सोमवारी पान नाही. तुम्ही बऱ्या आहात ना? विचारू कोणाला, कळत नाही.'

ताई: माणूस तिकडं जीव टांगणीला लावून बसलाय आणि आपण इथं त्याचं दार बंद करायला निघालोय. ते खातं बंद करायचं नाही. सांगून ठेवते.

वेबसाइटवाला: तुम्ही त्यांना मेल करा ना. पत्ता आहे इथं.

ताई: मेलवर काय लिहू? मेलला विषय द्यावा लागतो. आमच्या बोलण्याला कुठं विषय आहे? पानाचं निमित्त आहे, म्हणून चार शब्द निघतात. नुसतं 'कसे आहात' असं ना मी कधी विचारलं, ना त्यांनी.

वेबसाइटवाला: मग एक मार्ग आहे. ओपन सोर्स आहे, हवा तो टप्पा जोडता येतो, हवं ते पद तयार करता येतं. मी मंजुरीचा टप्पा नव्या साइटवरही ठेवतो आणि मास्तरांना बाहेरचे परीक्षक करतो. पगार नाही, बाकी काही उघडता येणार नाही. फक्त हे एक पान वाचायचं, शेरा लिहायचा, मंजूर करायचं. संस्था नेमतात असे लोक. पण साहेबांचा होकार हवा. चोरून नाही करणार मी, माझं पोट आहे यावर.

ताई: आणि साहेब विचारणार, इतके दिवस लिहीत कोण होतं.

वेबसाइटवाला: ते विचारणारच. दुसऱ्याच्या नावानं आत शिरणं ही छोटी गोष्ट नाही. गप्प राहिलात तर खातं बंद होईल आणि प्रकरण तिथंच मिटेल. मी काही बोलणार नाही.

ताई: म्हणजे मीच जाऊन माझ्या पायावर धोंडा मारून घ्यायचा.

वेबसाइटवाला: तुम्ही ठरवा. मी तोवर फोटो हलवतो.

ताई: ...द्या तो फोन इकडे. हॅलो, साहेब, खालून बोलतेय. खालून म्हणजे माहिती विभागातून. हो, आहे अजून विभाग. साहेब, फुलांचं पान मास्तर लिहीत नाहीत, मी लिहिते. त्यांच्या खात्यावरून. हो, पहिल्यापासून. माझी चूक आहे. नाही, त्यांचा काही संबंध नाही. संबंध आहे, पण तो वेगळा, ते वाचतात. साहेब, आधी ऐकून घ्या, मग ओरडा. त्यांना बाहेरचे परीक्षक नेमा. फुकट करतील. मला वाचणारं माणूस हवंय, साहेब. बाकी काही मागत नाही मी. हो. हो, देते लेखी. बरं.

वेबसाइटवाला: काय म्हणाले?

ताई: लेखी स्पष्टीकरण द्या. मास्तरांचं बघू.

वेबसाइटवाला: बघू म्हणजे?

ताई: साहेबांचं 'बघू' म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. उद्घाटन होईपर्यंत खात्याला हात लावू नका म्हणाले. पुढचं स्पष्टीकरण वाचून.

वेबसाइटवाला: तोवर तरी दार उघडं आहे. पान लिहिता का? जुन्या साइटवर नवीन पान टाकायची वाट मी मोकळी करून देतो. पण या वेळी तुमच्या खात्यावरून, म्हणजे मंजुरीला त्यांच्याकडे जाईल.

ताई: माझं नाव दिसेल मग वर.

वेबसाइटवाला: दिसू दे की.

ताई: सरका. 'चाफा फुलला. गुलमोहराला अजून अवकाश. कमळं कापडाखाली सुखरूप.' बास. फार लिहिलं तर ते कापतील. आता शेरा. 'मास्तर, मी बरी आहे. साइटचं काम चालू होतं म्हणून पान अडकलं. तुमचे सगळे शेरे मला आज दिसले. आज.' पाठवू?

वेबसाइटवाला: पाठवा. मंजुरीला गेलं. आता ते उघडतील तेव्हा... थांबा. ते आतच आहेत.

ताई: आत्ता?

वेबसाइटवाला: हो. मंजूर झालं, ताई. पान बाहेर पडलं. आणि खाली शेरा आलाय.

ताई: वाचा.

वेबसाइटवाला: 'चाफा स्वतः बघून आलात, की माळ्याचं ऐकून? बघून या. मी थांबतो.'

ताई: एवढंच?

वेबसाइटवाला: एवढंच.

ताई: परत एकदा वाचा.