फिलोमेना मावशीच्या तळघरातली पाटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या अग्निशमन दलाचे प्रमुख श्री. डेल मॅककिनी, व्यासपीठावरचे आदरणीय फादर ओनील, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते श्री. स्टॅन हुदाक, त्यांच्या पत्नी बर्निस, आणि एक डोळा कुकीजच्या टेबलावर ठेवून दुसऱ्यानं माझ्याकडे पाहणाऱ्या माझ्या केलरटनकर बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला थोडक्यात बोलायला सांगितलंय. मी या शहराची तीनदा महापौर होते. थोडक्यात बोलणं मला कधी जमलं, तुम्हीच आठवून पाहा.

स्टॅन आणि बर्निस परवा मुलीकडे, ॲरिझोनाला, कायमचे चाललेत. तिथे बर्फ पडत नाही म्हणे. मग हा माणूस सकाळी उठून कुणाच्या दारातला बर्फ उपसणार?

हा एकदा माझ्याविरुद्ध महापौरपदाला उभा होता, हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही. काय गाजली ती निवडणूक! पोलादाचा कारखाना नुकताच बंद पडला होता. नदीच्या अलीकडे घराघरांपुढच्या हिरवळीवर माझ्या प्रचाराच्या पाट्या, पलीकडे स्टॅनच्या. माझे केस कापणारी बाई पलीकडची, म्हणून ते दोन महिने मी केस वाढवले. शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळले जायचे, तिथेही दोन्ही पक्ष वेगवेगळ्या टेबलांवर. आज वाटतं, भांडायलासुद्धा किती माणसं होती आपल्या गावात. त्या दिवसांची मला फार आठवण येते.

मतदानाच्या दिवशी बर्फ भुरभुरत होता. फिलोमेना मावशीला, म्हणजे माझ्या आईच्या धाकट्या बहिणीला, आणि तिच्या दोन मैत्रिणींना आणायला निघालेली माझी गाडी टेकडीवर घसरून चरात गेली. केंद्र बंद व्हायची वेळ झालेली. कोटांवर माझे बिल्ले लावून तिघी दारात ताटकळत उभ्या. तेवढ्यात तिथून स्टॅनची गाडी आली.

“बसा, काकू.”

“आम्ही कॉनीला मत देणार,” मावशीनं बजावलं. “नंतर कुरकुर नको.”

“मी विचारलं का? पाय आत घ्या, दार लागत नाहीये.”

मी दोन मतांनी निवडून आले. फेरमोजणीतही दोनच. गावानं लगेच हिशेब मांडला: स्टॅननं त्या तिघींना आणलं नसतं, तर तोच एका मतानं महापौर झाला असता. तेव्हापासून हा बोलिंगला गेला की लोक विचारायचे, “काय हुदाक, आज कुणाला निवडून आणताय?” बर्निस तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “आमच्या ह्यांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.” आणि मी? सभेत जरा आवाज चढवला की मागून कुणीतरी म्हणायचं, “बाई, तुम्हाला खुर्चीत स्टॅननं बसवलंय.” ते फार लागायचं मला.

या वसंतात मावशी गेली. तिचं तळघर आवरताना टोमॅटोच्या बरण्यांमागे, जुन्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेली एक पाटी सापडली. ‘महापौरपदासाठी स्टॅन हुदाक.’ मी ती काखेत मारली आणि याच्या दारात जाऊन उभी राहिले.

“हे काय आहे?”

स्टॅन पायरीवरच बसला. “जपून ठेवली होती तिनं?”

“स्टॅन, मी काय विचारतेय?”

“मतदानानंतर घरी सोडलं तेव्हा माझ्या गाडीतली ही पाटी तिनं मागून घेतली. मैत्रिणी आत गेल्यावर म्हणाली, ‘मत तुला दिलंय. कॉनी पोरगी गुणी आहे, पण कारखान्यातल्या पोरांना कामाला तू लावशील. तिला मात्र कळू देऊ नकोस, रविवारी मला जेवायला तिच्याचकडे जायचं असतं.’”

“लोक इतकी वर्षं तुला हसले. एक शब्द बोलला असतास तर?”

“नाही सांगणार म्हणालो होतो ना.”

“बर्निसलाही नाही?”

“बर्निसला सांगायचं म्हणजे...” त्यानं हळूच स्वयंपाकघराकडे पाहिलं.

तर केलरटनकरहो, हिशेब पुन्हा मांडा. मैत्रिणींची दोन मतं माझी, मावशीचं त्याचं. त्याची गाडी त्या दिवशी थांबली नसती, तरी मी एका मतानं आलेच असते. स्टॅननं स्वतःला हरवलं नाही. त्याला मी हरवलं, माझ्या स्वतःच्या जिवावर. बर्निस, तो धोंडा आता खाली ठेव. एका म्हातारीचं रविवारचं जेवण नासू नये, म्हणून हा माणूस गावाचं हसू झेलत राहिला. स्टॅन, रागावू नकोस. वचन तू दिलं होतंस, मी नाही.

परवा तुमची गाडी हायवेला लागायला माझ्या घरावरूनच जाईल. डावीकडे पाहा. ती पाटी आज सकाळीच मी माझ्या हिरवळीवर रोवलीय. निवडणूक नसताना पाटी लावली तर दंड होतो. तो नियम माझाच आहे.

माझं एवढं ऐकून घेतलंत, तुमचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. दंड मी भरीन. पाटी काढणार नाही.